पायाला बांधलेली चिठ्ठी

पहाटेच्या अंधारात कुडमुडे वाजवत येणारा पिंगळा जोशी आता खेड्यांतही क्वचितच दिसतो. ज्यांच्या लहानपणी तो दारात येऊन गेला आहे, त्यांना त्याचा दावा आठवत असेल. झाडावरच्या पिंगळ्याची बोली आपल्याला कळते, रात्री त्या पक्ष्याने जे सांगितले तेच आपण घरधन्याला सांगतो आहोत, असे तो म्हणायचा. घरातली माणसे अर्धवट झोपेत ऐकायची आणि सुपातून धान्य घालायची. पक्षी खरोखर काय बोलला हे पडताळून पाहण्याची सोय कोणाकडेच नव्हती. सगळी भिस्त सांगणाऱ्यावर.

रानात भटकणाऱ्या प्रत्येकाची स्थिती थोडीफार अशीच असते. वळणावर अस्वल समोर येते, दोन क्षण आपल्याकडे पाहते आणि करवंदीच्या जाळीत शिरते. पाणवठ्यावर बिबट्या दिसतो न दिसतो तोच उठून जातो. भेट संपते आणि मागे उरते ती पाहणाऱ्याची हकिगत. तिला दुजोरा द्यायला तो प्राणी कधी येत नाही. म्हणून रानातली भेट दोनदा घडते असे मला वाटते : एकदा प्रत्यक्ष, आणि दुसऱ्यांदा ती सांगताना. पहिली नशिबाने मिळते, दुसरी पूर्णपणे आपल्या हातात असते.

या प्रकरणात एका वीतभर घुबडाची गोष्ट सांगायची आहे. त्याचे नाव रानपिंगळा. सातपुड्याच्या पायथ्याशी, आपल्या खान्देशात तो राहत होता, तरी ११३ वर्षे जगाच्या लेखी नाहीसा झाला होता. या काळात त्याचे जंगल कमी होत गेले हे खरेच. पण त्याच्या शोधाला भलतीकडे नेण्यात एका खोट्या चिठ्ठीचाही हात होता. आणि तो परत सापडला, तेव्हा वाट दाखवली ती शंभर वर्षांपूर्वीच्या काही खऱ्या चिठ्ठ्यांनी.

बंदूक आणि कापूस

एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारायचा, अशीच रीत होती. आजच्यासारख्या हलक्या आणि लख्ख दुर्बिणी तेव्हा नव्हत्या, दूरचे टिपणारे कॅमेरे नव्हते. झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या पक्ष्याच्या पोटावर पट्टे आहेत की ठिपके, हे जाणून घ्यायचे तर बारीक छऱ्यांची काडतुसे घालून बार काढावा लागे. इंग्रज अधिकारी, लष्करी डॉक्टर, मोजणीदार, भूशास्त्रज्ञ असे नोकरीनिमित्त रानोमाळ हिंडणारे कित्येक लोक हे काम छंद म्हणून करत. आज ते वाचताना मन कचरते. पण भारतीय पक्ष्यांविषयीच्या आपल्या ज्ञानाचा पाया त्याच बंदुकांनी घातला, हेही नाकारता येत नाही.

मारलेला पक्षी टिकवण्याची एक कला होती. पोटावर लहान चीर देऊन कातडे पिसांसकट मोज्यासारखे उलटे सोलून काढायचे. मांस, मेंदू, डोळे काढून टाकायचे. कीड लागू नये म्हणून सोमल घातलेला साबण आतून चोळायचा. मग कापूस भरून, चीर शिवून, पंख अंगालगत बसवून पक्षी उताणा ठेवायचा. शेवटी दोन्ही पाय जुळवून त्यांना दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची.

ही चिठ्ठी म्हणजे त्या नमुन्याचा जीव. कोणी मारला, कोणत्या दिवशी, कोणत्या गावाजवळ, नर की मादी, हे तिच्यावर असायचे. काटेकोर माणूस डोळ्यांचा आणि पायांचा रंगही लिहून ठेवी, कारण मेल्यावर तो उडून जातो. पिसे शंभर वर्षे टिकतात, पण ती कुठली हे पिसांवर लिहिलेले नसते. चिठ्ठी हरवली की उरते ते कापूस भरलेले एक शोभेचे पाखरू.

असे एखादे पाखरू माणसाचे आयुष्य कसे बदलते, हे मुंबईकरांना ठाऊक आहे. १९०८च्या सुमारास इथल्या एका शाळकरी मुलाने छऱ्याच्या खेळण्यातल्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. ही कोण, असा प्रश्न घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तिथले मानद सचिव मिलर्ड यांनी त्याला चिमणीचे नाव तर सांगितलेच, शिवाय खण उघडून चिठ्ठ्या बांधलेले पक्षी रांगेने दाखवले. त्या मुलाचे नाव सालिम अली. पुढे या गोष्टीत ते पुन्हा भेटतील.

सात नमुने

डिसेंबर १८७२मध्ये एफ. आर. ब्लुइट नावाच्या अधिकाऱ्याने फुलझरच्या मुलखात, बसना गावाजवळ, एक लहान घुबड मारले. हा भाग आज छत्तीसगडमध्ये येतो. घुबड ओळखीचे वाटेना, म्हणून त्याने ते अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवले. हे तेच ह्यूम, ज्यांचे नाव आपण १८८५च्या काँग्रेस स्थापनेमुळे शाळेत वाचतो. राजकारणाच्या आधी त्यांचे मन पक्ष्यांत गुंतलेले होते. देशभरातले हौशी लोक त्यांना नमुने पाठवत, शिमल्याच्या घरात त्यांनी हजारोंचा संग्रह जमवला होता आणि त्यासाठी ते स्वतःचे नियतकालिकही चालवत. १८७३मध्ये त्यांनी या घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ब्लुइटचे नाव त्याला देऊन टाकले : हेटेरोग्लॉक्स ब्लुइटी.

दुसरा नमुना १८७७मध्ये आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले व्हॅलेंटाईन बॉल खडक तपासत हिंडत असताना त्यांना आजच्या ओडिशातल्या खरियार भागात हा पक्षी मिळाला. त्यानंतर दृश्य एकदम पश्चिमेला, आपल्या अंगणात सरकते. खान्देशात नोकरीला असलेले जेम्स डेव्हिडसन हे मुलकी अधिकारी पक्ष्यांचे आणि त्यांच्या अंड्यांचे जाणते संग्राहक होते. १८८०नंतरच्या दोन-चार वर्षांत त्यांनी शहादा आणि तळोदा भागात या घुबडाचे अनेक नमुने मिळवले.

तापीच्या उत्तरेला सपाट काळी शेते, मग शहादा, तळोदा ही गावे, आणि त्यांच्या पाठीशी एकदम भिंतीसारखा उठलेला सातपुडा. भिल्ल आणि पावरा लोकांचा हा मुलूख. डोंगर आणि शेते जिथे एकमेकांना भेटतात त्या पायथ्याच्या सागवानी रानात हे घुबड होते. १८८४नंतर मात्र ते कोणाच्याच हाती लागले नाही. ह्यूम यांनी आपला सगळा संग्रह १८८५मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. डेव्हिडसन यांचे नमुनेही लंडनच्या खणांत जाऊन पडले. जगातल्या निरनिराळ्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे अवघे सात नमुने होते. त्यातल्या सातव्याची हकिगत वेगळी आहे.

कर्नलचा पक्षी

सातव्या नमुन्याच्या पायावरची चिठ्ठी सांगत होती : मांडवी, तापीकाठ, गुजरात, ऑक्टोबर १९१४, मिळवणारा, रिचर्ड माइनर्ट्झहागेन.

या नावाला मोठे वलय होते. १८७८ साली जन्मलेला हा ब्रिटिश लष्करी अधिकारी पहिल्या महायुद्धात हेर म्हणून गाजला. आफ्रिकेतल्या एका प्रचंड रानडुकराला त्याचे नाव मिळालेले आहे आणि ते त्याने खरोखरच मिळवले होते. त्याचा पक्षिसंग्रह वीस हजारांच्या घरात होता. १९५४मध्ये तो संग्रह त्याने लंडनच्या संग्रहालयाला भेट दिला. १९३७मध्ये सालिम अलींनी त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्ष्यांची मोहीम केली होती. १९१४च्या ऑक्टोबरात तो मुंबईहून सैन्याबरोबर पूर्व आफ्रिकेला निघाला हेही इतिहासात नोंदलेले आहे. मग निघण्यापूर्वी थोडी सवड काढून तापीकाठी घुबड मारले असेल, यावर अविश्वास का ठेवावा?

या एका चिठ्ठीने दोन गोष्टी केल्या. घुबड निदान १९१४पर्यंत जिवंत होते असे तिने सांगितले आणि ते शोधायचे तर मांडवीकडे जा, असे सुचवले. नकाशावर एक ठिपका वाढला, पण तो ठिपका खोटा होता. अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली आणि सालिम अली यांच्यासारख्या जाणत्यांनीही हा पक्षी शोधला. कोणालाच तो दिसला नाही. वर्षे लोटली तसे तो नष्ट झाला असावा असे लोक म्हणू लागले.

अशी चूक उमजायला इतका वेळ का लागतो? शास्त्रातली नोंद विश्वासावर चालते. चिठ्ठीवर लिहिले आहे ते खरे, असे धरूनच पुढचा माणूस पाऊल टाकतो. प्रत्येक नोंद नव्याने तपासायची म्हटले तर कोणाचेच काम पुढे सरकणार नाही. गावातल्या विहिरीवर जसा सगळ्यांचा विश्वास असतो तसाच हा. एकाने तिच्यात घाण टाकली, तर पिणाऱ्याला ती दिसत नाही.

टाका बोलू लागला

डिलन रिप्ली यांच्या उतारवयात पामेला रासमुसेन ही तरुण संशोधक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत त्यांच्याबरोबर दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरच्या एका मोठ्या ग्रंथाचे काम करत होती. त्यासाठी तिला जुने नमुने एकेक करून तपासावे लागत होते. माइनर्ट्झहागेनच्या नमुन्यांपाशी आले की काही जमेना. एखादा पक्षी त्याच्या चिठ्ठीनुसार अशा ठिकाणी मिळालेला असे, जिथे तो दुसऱ्या कोणालाच कधी दिसला नव्हता. लंडनच्या संग्रहालयात या कर्नलबद्दल कुजबुज जुनीच होती. परवानगीशिवाय नमुने नेल्याबद्दल एकदा त्याला पक्षिदालनात दीड वर्ष बंदीही झाली होती. १९९३मध्ये अॅलन नॉक्स यांनी त्याच्या काही नमुन्यांतली लबाडी छापून उघड केली.

रासमुसेन आणि ब्रिटनचे नायजेल कॉलर यांनी सातवा रानपिंगळा बारकाईने तपासला. इथे कापूस आणि दोरा साक्षीला आले. आपल्याकडे जुनी वाकळ हातात घेऊन एखादी आजी सांगते, हा टाका अमक्या घरचा. टाक्याची लांबी, दोऱ्याचा ताण, गाठ मारायची ढब प्रत्येकीची वेगळी असते आणि आयुष्यभर बदलत नाही. पक्षी सोलून शिवणाऱ्याचेही तसेच असते. डेव्हिडसन यांनी तयार केलेल्या पक्ष्यांची एक खास घडण होती. सातव्या घुबडाचे कातडे कोणीतरी ओले करून मऊ केले होते, जुना कापूस काढला होता, धुतले होते, नवा कापूस भरून पुन्हा शिवले होते. तरीही जुन्या हाताच्या खुणा पूर्ण पुसल्या गेल्या नव्हत्या. क्ष-किरणांच्या चित्रांनी आतली हकिगत बाहेर आणली.

निष्कर्ष सरळ होता. मांडवीचे घुबड मांडवीचे नव्हतेच. डेव्हिडसन यांनी खान्देशात मिळवलेला तो पक्षी ब्रिटिश म्युझियममधून चोरला गेला होता आणि नव्या चिठ्ठीसह कर्नलच्या संग्रहात जाऊन बसला होता. १९९९मध्ये हा सगळा पुरावा 'आयबिस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मला या प्रकरणातली सर्वांत दुःखद गोष्ट चोरीपेक्षा वेगळी वाटते. माइनर्ट्झहागेन रानात खरोखर हिंडला होता. त्याने पाहिलेले पुष्कळ काही खरे असणार. पण वीस हजारांत किती खरे आणि किती खोटे, हे आज एकेक पक्षी उसवून पाहिल्याशिवाय कळत नाही. खोट्या भेटींनी त्याच्या खऱ्या भेटीही बुडवल्या.

२५ नोव्हेंबर १९९७

पुरावा छापून येण्याआधीच मांडवीचा ठिपका पुसला गेला आणि नकाशा साफ झाला. आता उरले ते तीन माणसांचे शब्द : ब्लुइट, बॉल आणि डेव्हिडसन. या तिघांनी जिथे म्हटले तिथेच जायचे, असे ठरवून १९९७च्या नोव्हेंबरमध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे भारतात आले.

आधी ते पूर्वेकडे, ब्लुइट आणि बॉल यांच्या जुन्या जागी गेले. शंभर वर्षांत तिथली रूपे पालटली होती. घुबडे दिसली ती नेहमीची. मग त्यांनी देशाची रुंदी ओलांडून खान्देश गाठला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला तो पुढच्या वर्षी, १ जुलै १९९८ला.

२५ नोव्हेंबरची सकाळ. साडेआठच्या सुमारास, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, किंग यांना उघड्या फांदीवर एक लहान घुबड बसलेले दिसले. ऊन चांगले वर आले होते. रासमुसेन यांनी वळून पाहिले. हा पक्षी त्यांनी आयुष्यात एकदाही जिवंत पाहिलेला नव्हता, पण त्याचे प्रत्येक पीस त्यांना पाठ होते. डोक्यावर ठिपके नाहीत. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठळक पट्टे. छाती जवळजवळ सलग तपकिरी, पोट पांढरे. आणि पाय? जाडजूड, बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले.

पक्षी उडाला नाही. उन्हात बसून राहिला. त्यांनी त्याची चित्रफीत घेतली, छायाचित्रे घेतली आणि बंदुकीचा बार न काढता एका हरवलेल्या पक्ष्याची नोंद पुरी केली. ११३ वर्षांपूर्वी डेव्हिडसन यांनी चिठ्ठीवर एका गावाचे नाव प्रामाणिकपणे लिहिले होते. त्या शाईने आपले काम केले.

'शोध लागला' हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. पक्षी आपल्या झाडावर होता, जंगलात राहणाऱ्या माणसांच्या आसपास होता. हरवले होते ते आपले लक्ष.

दिवसा जागणारे घुबड, रात्री धावणारा पक्षी

घुबड म्हटले की आपण रात्र गृहीत धरतो. रानपिंगळा या समजुतीला छेद देतो. तो दिवसा जागा असतो. हिवाळ्यात सकाळी उंच, निष्पर्ण फांदीवर ऊन खात बसतो, मग शिकारीला लागतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, टोळ असे जे मिळेल ते तो खातो, उरलेले भक्ष्य कधी लपवूनही ठेवतो. लांबी जेमतेम २३ सेंटिमीटर, पण नख्या आणि चोच अंगाच्या मानाने दणकट. शेपटी डाव्या-उजव्या बाजूला झटकण्याची त्याची सवय दुरूनही लक्षात येते. घरटे जुन्या झाडांच्या ढोलीत. म्हणून ज्या रानातून म्हातारी, पोकळ झाडे सरपणाला आणि लाकडाला निघून जातात, त्या रानात त्याला भाड्यानेही घर मिळत नाही.

पुन्हा सापडल्यावर त्याच्यामागे अभ्यासकांची नवी पिढी उभी राहिली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतून फराह इश्तियाक, असद रहमानी आणि गिरीश जठार यांनी त्याचे जीवन नोंदवले, पुण्याच्या प्राची मेहता यांनी मेळघाट आणि मध्य प्रदेशात वर्षानुवर्षे काम केले. तोरणमाळ, यावल, मेळघाट, खंडवा, बुऱ्हाणपूर असा त्याचा पट्टा उलगडत गेला. ऑक्टोबर २०१४मध्ये तर तो मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात दिसला आणि तोपर्यंत सातपुड्याचा मानलेला पक्षी सह्याद्रीच्या कुशीतही निघाला. पुढे गुजरातच्या डांगमध्ये, पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

म्हणजे गुजरातमध्ये तो आहेच! मग कर्नल खरा ठरला का? नाही. गुजरातच्या रानात हा पक्षी असणे ही एक गोष्ट, आणि माइनर्ट्झहागेनने तो तिथे पाहणे ही दुसरी. न पाहिलेले लिहिले, ते उद्या योगायोगाने जुळले तरी ती नोंद होत नाही.

या गोष्टीला एक जुळी बहीण आहे, आंध्र प्रदेशातली. जेर्डनचा धाविक या पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळाले १८४८मध्ये. १९००नंतर तो कोणाला दिसला नाही. काटेरी झुडपांच्या माळावर दिवसा शोधणारे रिकाम्या हाताने परतत. कडप्पा भागातल्या स्थानिक शिकाऱ्यांना मात्र तो ठाऊक होता, कारण ते रात्री बत्ती घेऊन हिंडत आणि हा पक्षी रात्रीच बाहेर पडतो. १९८६च्या जानेवारीत सोसायटीचे भारत भूषण यांनी अशाच एका शिकाऱ्याच्या मदतीने तो पुन्हा जगापुढे आणला. त्याच्यासाठी पुढे श्रीलंकामल्लेश्वर अभयारण्य झाले. एक घुबड दिवसाचे निघाले, एक धाविक रात्रीचा निघाला. दोन्हीकडे पक्षी आपापल्या वेळेला हजर होते, पाहणारा चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या जागी उभा होता. आणि धाविकाच्या बाबतीत खरी चिठ्ठी कागदावर नव्हतीच. ती एका शिकाऱ्याच्या डोक्यात होती, ती मागायला जाण्याचे शहाणपण तेवढे हवे होते.

वहीतली खोडलेली ओळ

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी मेळघाटात होतो. सेमाडोहच्या बाजूला, सकाळचे नऊ वाजले असतील. कोरकू वाटाड्या दोन पावले पुढे. सागाच्या एका वाळक्या फांदीवर पाठमोरे, लहानसे घुबड ऊन खात बसले होते. माझ्या मनात आधीपासून एकच नाव घोळत होते. दुर्बीण डोळ्याला लावण्याआधीच हात वहीकडे गेला आणि मी लिहिले : रानपिंगळा, एक, सागावर.

वाटाड्याने हळूच विचारले, "भाऊ, डोक्यावर ठिपके आहेत का थे पाहा आधी."

सूर्य समोर होता. डोके नुसते काळे दिसत होते. आम्ही वाकून, वाळकी पाने चुकवत अर्धे वर्तुळ फिरून उन्हाच्या बाजूला आलो. पक्ष्याने मान वळवली. माथ्यावर पांढरे ठिपके पसरले होते, भाकरीवर तीळ पेरावेत तसे. गावाकडच्या वडावर रोज संध्याकाळी किचकिचणारा साधा पिंगळाच तो.

मी ती ओळ खोडली. खोडताना हाताला जड गेले, हे इथे लिहायलाच हवे. कोणी पाहत नव्हते. वाटाड्याला वाचायला मी वही दिली नसती. ती ओळ तशीच राहिली असती तर माझ्या आयुष्यातल्या दुर्मीळ भेटींत एकीची भर पडली असती आणि कोणाचे काही बिघडले नसते, असे त्या क्षणी वाटले. पण बिघडले असते. उद्या कोणी त्या रानातले पक्षी मोजताना तो आकडा धरला असता, आणि एक हजाराहूनही कमी प्रौढ पक्षी उरले असावेत असा ज्याचा अंदाज आहे, त्या जातीच्या हिशोबात माझा एक खोटा पक्षी मिसळला असता. कोणत्या खोऱ्यातली झाडे वाचवायची, गस्त कुठे घालायची, रस्ता कुठून वळवायचा, हे असल्याच आकड्यांवरून ठरते. कर्नलने मोठेपणासाठी लिहिले, मी उतावीळपणाने लिहिले. पक्ष्याला दोन्हीचा तोटा सारखाच.

आज आपल्यातला कोणीही बंदूक घेऊन पक्षी पाहायला जात नाही. कायद्याने ते बंद झाले आहे आणि ते योग्यच आहे. खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे, जागा आणि वेळ आपोआप नोंदवणारे यंत्र आहे. पायाला दोरा बांधायची गरज उरली नाही, तरी चिठ्ठीची जबाबदारी संपलेली नाही. कुठल्या तरी अभयारण्यातले छायाचित्र दुसऱ्याच जागेच्या नावाने पुढे धाडले जाते. विणीच्या दिवसांत ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला ढोलीबाहेर बोलावले जाते आणि ती भेट सहज घडल्यासारखी सांगितली जाते. घरट्याची जागा मात्र नको तितक्या खरेपणाने सगळ्यांना कळवली जाते. आपण जे पाहिले ते, जसे पाहिले तसे, ज्याला उपयोगी पडेल त्याला सांगणे, एवढेच काम आहे. ते वाटते त्यापेक्षा अवघड आहे.

रानात जाणाऱ्या तरुण मुलांना मी एकच सांगतो. वहीत तारीख घाला, वेळ घाला, जवळच्या गावाचे किंवा ओढ्याचे नाव गावकऱ्यांना विचारून लिहा. कोणते झाड ते लिहा. काय दिसले ते लिहा, आणि काय दिसले नाही तेही लिहा : डोके दिसले, पाय दिसले नाहीत, आवाज ऐकला, पक्षी पाहिला नाही. खात्री नसेल तर तसे म्हणा. ज्याने आधी पाहिले त्याचे नाव विसरू नका, मग तो वाटाड्या असो की गुराखी.

मेळघाटात त्या खेपेला आम्ही आणखी तीन दिवस हिंडलो. जुनी ढोलीची झाडे पाहिली, सकाळच्या उन्हात उंच फांद्या न्याहाळल्या, ओढ्याकाठी थांबून कान दिले. वहीतल्या त्या पानावर सर्वांत वर खोडलेली ओळ आहे, शेजारी दुरुस्ती आहे : साधा पिंगळा, माथ्यावर ठिपके, वाटाड्याने ओळखला. खाली तीन तारखा आहेत, चाललेल्या वाटा आहेत, वेळा आहेत. आणि प्रत्येक तारखेपुढे लिहिले आहे : रानपिंगळा शोधला, दिसला नाही.